दुखरा पाय आणि रिकामं गाव

तुम्ही दोघं फोनवर रोज एकच प्रश्न विचारता, "आजी, अजून दुखतंय?" मीराचा चेहरा तेव्हा पडद्याच्या इतका जवळ येतो की मला फक्त तिचं नाक आणि एक डोळा दिसतो. मी "थोडंसं" म्हणते आणि विषय बदलते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते ऐकत बसलात तर ईशानची शाळेची बस चुकेल, म्हणून ते लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण या गोष्टीतली माणसं माझ्या कानात इंग्रजी बोलायला तयार नाहीत. अडलं तर बाबांना विचारा. तेही अडले तर मला फोन करा.

माझ्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आता बरेच महिने झाले. टाके सुकले, जखम भरली, एक्सरेच्या फोटोत सगळं जागच्या जागी दिसतं, तरी पाय दुखतो. व्यायाम शिकवायला कुडाळहून एक मुलगी येते, ती विचारते, "आजी, दुखण्याला दहापैकी किती गुण द्याल?" मी तिला सांगते, बाई गं, चाळीस वर्षं मी पेपर तपासले, पण हा पेपर रोज वेगळ्या अक्षरात लिहून येतो. ती हसते आणि "चला, उभ्या राहा" म्हणते. मी उभी राहते. लगेच उभी राहते, याचं तिला नवल वाटतं. इतर म्हाताऱ्या माणसांना म्हणे पलंगावरून उतरवायलाच महिना लागतो. तिला ठाऊक नाही की माझा हा दुसरा मोडका पाय आहे. पहिला मी मॅट्रिकच्या वर्गात असताना मोडला होता. आता क्रमाने सांगते.

आमचं घर आचऱ्याला. बाबा, म्हणजे तुमचे खापरपणजोबा नव्हेत, त्यांच्या एक पिढी अलीकडचे पणजोबा, गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात आई, बाबा, मी, एक गाय, तिचं वासरू आणि आईच्या कोंबड्या. गावात तेव्हा मॅट्रिकपर्यंत शिकायची माझी सोय नव्हती, म्हणून मी मालवणला मावशीकडे राहून हायस्कुलात जायची आणि सुट्टीत घरी यायची. अशीच गणपतीच्या सुट्टीत आले होते. आईने गाईसाठी गवत काढायला सांगितलं, मी गोठ्याच्या माळ्यावर चढले आणि शिडीची ओली पायरी निसटली. उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, माडाची सुकी चुडती, म्हणजे झावळी, पायाखाली येऊन मोडावी तसा. आधी गावात फळ्या बांधल्या, पण हाड जागेवर बसेना, तेव्हा बाबांनी मला कोल्हापूरला नेलं. तिथल्या सर्जननी पाय उघडून आत धातूची पट्टी बसवली आणि ती स्क्रूंनी आवळली. घरी पाठवताना ते बाबांना म्हणाले, "मास्तर, प्लास्टर काढलं की हळूहळू पाय टेकवत राहायचा. दुखेल. बरेच दिवस दुखेल. पण त्याने हाड मोडणार नाही." हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. बाबांनी त्यातलं "दुखेल" एवढंच ऐकलं, असं मला पुढे वाटू लागलं.

मागच्या पडवीत माझी खाट टाकली होती. तिथून विहीर, केळी आणि माडांची एक रांग दिसायची. दिवस आवाजांवरून मोजायचा. पहाटे रहाटाची करकर, मग आईचं कोंबड्यांना बोलावणं, मग शेजारच्या आबाकाकांचं खाकरणं, आणि दहाच्या सुमाराला मासे विकणाऱ्या बाईची आरोळी. ती दारात टोपली उतरवायची आणि माझ्यासाठी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बाजूला काढून ठेवायची. हाड सांधायला कुर्ल्यांच्या रसासारखं दुसरं काही नाही, यावर अख्ख्या गावाचं एकमत होतं. त्यामुळे त्या पावसाळ्याच्या शेवटी मी जेवढ्या कुर्ल्या खाल्ल्या तेवढ्या पुढच्या सगळ्या आयुष्यात खाल्ल्या नसतील. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी कुर्ल्यांचा तिखट रस, संध्याकाळी नाचणीची आंबील. आई दोन्ही वेळा कोमट खोबरेल तेल घेऊन बसायची. जखमेच्या कडेकडेने तिची बोटं फिरायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची. पायाकडे नाही, तोंडाकडे.

आणि तोंड खोटं बोलत नसे. प्लास्टर निघालं, काठ्या काखेत आल्या, तरी पाय खाटेवरून खाली सोडला की सगळं रक्त एकदम घोट्यापर्यंत उतरायचं आणि आत कोणीतरी पट्टी पिळत असल्यासारखं व्हायचं. टाच जमिनीला टेकवली की कळ थेट मांडीत चढायची. बसून राहिलं की ठणका, हललं की कळ. गार वारा सुटला की स्क्रू कुठे कुठे आहेत ते मला न बघता सांगता आलं असतं. मी दात आवळून धरायची. आवाज काढला की आई धावत यायची आणि म्हणायची, "पड गो, पड. नको उठा." म्हणून मी आवाज काढणं सोडलं. त्या महिन्यांत मी घरातली सगळ्यांत गप्प वस्तू झाले होते.

बाबांनी पायाचा नवा फोटो काढून आणला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवायचे. माणसं मला बघायला यायची ती खरं म्हणजे तो फोटो बघायला. आबाकाका, बाबांचे चुलतभाऊ, गाडीबैल राखायचे, त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"मास्तरानू, हे स्क्रू दाराचेच दिसतत. बिजागरी घातल्यानी की काय?"

"थट्टा नको," बाबा म्हणाले. "हाड जुळलंय. हे बघ, इथे रेघसुद्धा दिसत नाही."

"जुळला मां? मगे ह्या चेडवाक दुखता कित्या?"

चेडू म्हणजे मुलगी. बाबांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. बाबा आमच्याशीसुद्धा शाळेतलं शुद्ध मराठी बोलायचे आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. कारण नसलेलं दुखणं त्यांना वर्गात उगाच उभ्या राहिलेल्या मुलासारखं वाटत असावं. शेवटी त्यांनी स्वतःच एक नियम केला. दुखतंय म्हणजे आत काहीतरी कच्चं आहे. दुखायचं थांबेपर्यंत पाय टेकवायचा नाही, आणि पाय टेकवेपर्यंत मालवणला जायचं नाही.

मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर म्हणाले होते टेकवत राहा."

"डॉक्टर कोल्हापूरला आहेत. पडलीस तर उचलायला ते येणार नाहीत."

दिवाळी गेली. मालवणला माझ्या वर्गात मॅट्रिकचा अभ्यास निम्मा होत आला होता. मावशीने माझी पुस्तकं एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिली, त्याचा अर्थ मला बरोबर कळला. एक दिवस आई विहिरीवर शेजारणीशी बोलत होती, ते पडवीत ऐकू आलं. "ह्या वर्षी काय जमाचा नाय. आणि एकदा घराक बसलेला चेडू परत शाळेत गेलेला मी तरी बगूक नाय." ती वाईट मनाने बोलत नव्हती. तिचं स्वतःचं शिक्षण असंच एका तापात संपलं होतं. पण त्या दिवसापासून मला माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पडवीतून दिसायला लागलं. विहीर, केळी आणि माडांची रांग. दुखणं थांबलं की शाळा, असा बाबांचा हिशोब होता, आणि दुखणं तर थांबणार नव्हतं.

मार्गशीर्षात गावपळण आली. तुम्ही ती पाहिलेली नाही, म्हणून सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेतात, आणि देवाने कौल दिला की सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. सगळं म्हणजे सगळं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. वेशीबाहेर माळावर झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, झोपड्या घालतात, तिथे रांधतात, भजनं म्हणतात, बायका फुगड्या घालतात. मग पुन्हा कौल झाला की घरी परत यायचं. निघायच्या दिवशी दुपार कलताना देवळाकडून नगारा वाजतो आणि त्यानंतर वेशीच्या आत माणसाने राहायचं नाही आणि बाहेरच्याने आत पाऊल टाकायचं नाही. का, हे मला विचारू नका. कारणं बरीच सांगतात. बाबांनाही कारण ठाऊक नव्हतं, पण हा एक नियम ते कारणाशिवाय पाळायचे.

माझं कसं करायचं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. आबाकाका म्हणाले, "गाडयेत गवात भरतंय, वर गोधडी घालतंय, राणी कशी नेतंय बगा." बाबा म्हणाले, "तुझे बैल उधळतात. त्यापेक्षा मी तिला पाठुंगळी नेतो." आई म्हणाली, "तुमका कंबर आसा?" शेवटी आबाकाकांची गाडीच ठरली. निघायच्या सकाळी बाबा झोपडी घालायला पुढे गेले. गाय आईशिवाय कोणाबरोबर जात नसे, म्हणून जेवणं उरकल्यावर आई गाय-वासरू आणि कोंबड्यांची पाटी घेऊन निघाली. जाताना मला औषधाची गोळी दिली, मागच्या पडवीत बसवलं आणि म्हणाली, "आबा आता येतलो. तवसर हडेच बस." आणि सवयीने पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. आबाकाका गाडी घेऊन आले, त्यांनी दाराला कुलूप पाहिलं, दोन हाका मारल्या आणि स्वतःशीच म्हणाले, मास्तराक माझ्या बैलांचो भरवसो नाय, चेडवाक पाठुंगळीच नेल्यान. आणि त्यांनी माझ्यासाठी केलेल्या गवताच्या गादीवर आपली सासू बसवली. तिकडे आई-बाबांना वाटत होतं मी गाडीने येतेय. गाडीरस्ता वरून फिरून जायचा, वेळ लागणारच. मी रात्र ठणक्यात काढली होती, त्यात गोळी, त्यामुळे पडवीत भिंतीला टेकून गाढ झोपले होते. मला जाग आली ती नगाऱ्याने. तो वाजला आणि थांबला.

तशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. रहाट नाही, कोंबडी नाही, कुत्रं नाही, कोणाच्या घरात भांडं पडत नाही. माडांच्या पलीकडून समुद्र ऐकू येत होता. आमच्या घरापर्यंत समुद्राचा आवाज येतो हे मला जन्मात ठाऊक नव्हतं. मी आईला हाक मारली, आबाकाकांना मारली. मग माझ्या लक्षात आलं की हाक ऐकणारं एकही माणूस आता मधे नाही, आणि बाहेर जे आहेत त्यांनी आत यायचं नाही. मला देवाची भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला भीती वाटली ती बाबांची. त्यांना कळेल तेव्हा ते काय करतील याची.

मी काठ्या काखेत घेतल्या आणि उठले. मागच्या अंगणातून घराला वळसा घालून पाणंदीत आले. पाणंद म्हणजे दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती, आणि मधे गल्लीएवढी वाट. एरवी आम्ही पोरं ती पळत पार करायचो. काठ्या वाटेतल्या चिऱ्यांवरून घसरायला लागल्या तेव्हा उजवा पाय टेकवण्यावाचून इलाज राहिला नाही. मी टेकवला. कळ वर चढली आणि माझ्या तोंडून "आई गो" असं मोठ्याने निघून गेलं. इतक्या मोठ्याने की मीच दचकले. कोणी धावत आलं नाही. कोणी "पड" म्हणालं नाही. मी पुन्हा पाऊल टाकलं आणि पुन्हा ओरडले, या वेळी जरा मुद्दामच. मुलांनो, तुम्हांला हसू येईल, पण त्या पाणंदीतून मी अक्षरशः बोंबलत गेले. कण्हले, रडले, मासेवालीच्या तोंडच्या ठेवणीतल्या दोन शिव्याही घातल्या, ज्यांचा अर्थ मला लग्नानंतर कळला. महिनोन्महिने दातांत धरलेलं सगळं त्या रिकाम्या घरांच्या मधून बाहेर पडलं.

एकेक बंद दार येत होतं आणि त्या घरातलं माणूस मला काय म्हणालं असतं ते कानात वाजत होतं. "गो, नीट चल, पडशील." "अगे बाय, किती वाळला ता." "मास्तराच्या चेडवाचो पाय लंगडोच रवतलो, तुमी बगा." पण दारं बंद होती आणि मी चालत होते. अर्ध्या वाटेवर टेकून उभी राहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पाय पहिल्या पावलाला जेवढा दुखला होता तेवढाच आत्ताही दुखत होता. दुखणं वाढलं नव्हतं. आत काही मोडत नव्हतं. त्याला जे ओरडायचं होतं ते तो ओरडत होता आणि बरोबर येत होता. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले ते हे, असं मला वाटलं.

वेशीवर आमच्याकडून एक व्हाळ लागतो, म्हणजे ओढा. त्यावर माडाच्या खोडांचा साकव होता, दोन खोडं शेजारी आणि आधाराला एक बांबू. पलीकडच्या काठावर गर्दी दिसली आणि गलका ऐकू आला. आबाकाकांची गाडी सासूला घेऊन नुकतीच पोचली होती. दोघा-तिघांनी बाबांचे दंड धरले होते.

"मास्तरानू, कौल घेवया. देवाक इचारूया, मगे जावा."

"तवसर माझा चेडू थंय एकटा रवांदे?" बाबा म्हणाले. बाबांना मालवणी बोलताना मी फार क्वचित ऐकलं होतं.

"आबा, तुझी अक्कल खंय गेलली?" आई विचारत होती.

"कुलूप बगलंय गो वैनी. कुलपाआड कोण माणूस ठेयता?"

बाबांनी हात सोडवून घेतले आणि ते साकवावर न जाता सरळ पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात दोन पावलं टाकली आणि त्यांना मी दिसले. ते पाण्यातच थांबले.

"बाबा, तुम्ही येऊ नका," मी म्हटलं. "मी येतेय."

"थांब. पडशील."

"पडले तर तुमच्याच अंगावर पडेन."

एक काठी मी पाठीमागे काठावर ठेवून दिली, कारण बांबू धरायला हात हवा होता. बाबा पाण्यात उभे होते, वेशीच्या ना आत ना बाहेर. मी साकवावर पाऊल टाकलं तसे तेही पाण्यातून माझ्या बरोबरीने चालू लागले. त्यांचे दोन्ही हात वर होते, माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर, पण त्यांनी मला हात लावला नाही. मधे कळ आली तेव्हा मी पाणंदीतल्या नव्या सवयीने ओरडले. आता सगळं गाव ऐकत होतं. बाबांचे हात पुढे आले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं पाऊल टाकलं, तेव्हा ते मागे गेले.

पलीकडे पोचल्यावर आईने मला मिठी मारली आणि लगेच पाठीत एक धपाटाही घातला, तो कशाबद्दल हे तिलाही सांगता आलं नसतं. आबाकाका डोक्याला हात लावून गाडीखाली बसले. त्यांची सासू म्हणाली, "गादी मात्र बरी केललंय रे, जावया." मग हसणं सुरू झालं. मास्तरांनी वेस मोडली की नाही यावर म्हाताऱ्या गावकऱ्यांचा पुढचे तीन दिवस काथ्याकूट चालला. शेवटी ठरलं की पाणी कोणाच्याच हद्दीत येत नाही.

त्या संध्याकाळी माळावर चुली पेटल्या, सगळीकडे तळलेल्या माशांचा वास भरला, कुठेतरी टाळ वाजायला लागले. पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि सपाटून दुखत होता. आई तेलाची वाटी शोधत होती, ती घरीच राहिली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, "पड" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि मग विळी माझ्यापुढे सरकवली. "नुसती बसलंय, तर नारळ खवण." मी पाय लांब करून खोबरं खवू लागले.

बाबा धोतराचा ओला सोगा पिळत शेजारी येऊन बसले.

"दुखता?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणाले असते तर त्यांच्या नियमात सगळं बसलं असतं. मी म्हटलं, "दुखता."

"किती?"

"होता तेवढाच."

वाऱ्याने चुलीचा धूर आमच्याकडे आला, त्यांनी डोळे चोळले आणि एक लाकूड आत सारलं.

"सोमवारी मालवणच्या एसटीक गर्दी असता," ते म्हणाले. "मंगळवारी जावया."